डॉक्टरलाही साखर होते

दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की असते. त्याला वाटते, डॉक्टरला आजार कशाला होईल? औषध त्याच्या हाताशी. काय खावे, काय टाळावे, हे त्याला पाठ. नर्सबाई रोज कितीतरी जणांना इन्शुलिनची सुई टोचते. तिला कशाला साखर होईल?

एखादी आजी तर बोलूनही दाखवते, "सिस्टर, तुमचं बरं हाय बाई. तुमाला कंदी काय व्हायचं नाही."

सिस्टर हसते आणि पुढच्या खाटेकडे जाते. आजीला काय ठाऊक, की सिस्टरच्या स्वतःच्या पिशवीत साखरेच्या गोळ्या असू शकतात!

होय, डॉक्टरांना आणि नर्सबाईंना मधुमेह होतो. काही कारणांनी त्यांना तो होण्याचा धोका वाढतो. तो का वाढतो, ते या धड्यात पाहू. आणि त्यातून आपण शेतकऱ्यांनी, कामगारांनी काय घ्यावे, तेही पाहू.

पाट आणि वाफे

मधुमेह म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. हा आजार नवा नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या जुन्या ग्रंथांतही त्याचे वर्णन आहे.

आपण मळ्याला पाणी देतो. विहिरीचे पाणी पाटात येते. पाटातून ते वाफ्यात जाते. पण आपोआप जात नाही. एक गडी खोरे घेऊन उभा असतो. तो दारे धरतो. एका वाफ्याचे तोंड फोडतो, वाफा भरला की बुजवतो, मग पुढच्याचे फोडतो.

आपल्या शरीरातही असेच चालते. आपण भाकरी खाल्ली, भात खाल्ला, की पोटात त्याची साखर होते. ती साखर रक्तात येते. रक्त हा पाट. हात, पाय, काळीज हे सारे वाफे. साखर वाफ्यात गेली तरच शरीराला जोर मिळतो. आणि दारे धरणारा गडी कोण? त्याचे नाव इन्शुलिन. पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव आहे, तो हा रस तयार करतो.

आता दोन गोष्टी बिघडू शकतात. एक, गडी कमी पडतो. दुसरी, वाफ्यांच्या तोंडाशी गाळ साचतो. मग गडी कितीही खपला तरी पाणी आत शिरत नाही. पोटावर चरबी वाढली, अंग हलेनासे झाले, की असा गाळ साचू लागतो.

मग काय होते? पाट तुडुंब भरतो आणि वाफे कोरडे राहतात. माणूस पोटभर जेवतो, तरी त्याला थकवा येतो. जादा साखर लघवीवाटे जाऊ लागते. तहान फार लागते. आणि तुडुंब वाहणारा पाट काठ खातो, तशी ही साखर डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या नसा खात जाते. हे सारे वर्षानुवर्षे, गुपचूप चालते. पुष्कळांना पहिली काही वर्षे काहीच त्रास वाटत नाही.

लहान मुलांना होणारा मधुमेह बहुधा वेगळा असतो. त्यात गडीच उरत नाही. त्या मुलांना इन्शुलिन घ्यावेच लागते. आपण या धड्यात बोलतो आहोत ते मोठ्या माणसांच्या मधुमेहाविषयी.

दवाखान्यातली रात्र

आपला जिल्हा छत्रपती संभाजीनगर. पूर्वी त्याला औरंगाबाद म्हणत. २०२३ साली नाव बदलले. शहरात पाणचक्कीच्या बाजूला मोठा सरकारी दवाखाना आहे. तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्या दवाखान्याला सारा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. जालन्याहून, बीडहून, परभणीहून, बुलढाण्याकडूनही माणसे तिथे येतात. 'घाटीत नेला' म्हटले, की आजार मोठा आहे हे गावाला कळते.

अशा मोठ्या दवाखान्यात रात्र कधी होतच नाही. बाळंतीण रात्री दोनला येते. अपघाताचा माणूस तीनला येतो. साप चावलेला शेतकरी पहाटे येतो. त्या वेळी कोणीतरी जागे असावेच लागते. म्हणून नर्सबाईंचे काम पाळीने चालते. काही दिवस सकाळची पाळी, काही दिवस दुपारची, मग रात्रपाळी. शिकाऊ डॉक्टरांचे काम त्याहून अवघड. त्यांना निवासी डॉक्टर म्हणतात. त्यांच्यासाठी १९९२ साली केंद्र सरकारने नियम सांगितला, की सलग काम साधारण १२ तासांपेक्षा जास्त नसावे, आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नसावे. तरी सलग चोवीस-चोवीस, छत्तीस-छत्तीस तास उभे राहावे लागते, अशी तक्रार देशभरचे निवासी डॉक्टर अनेक वर्षे करत आले आहेत.

रात्री झोप येऊ लागली की चहा लागतो. चहात साखर असते. चहाबरोबर खारी, बिस्कीट, फरसाण येते. जेवणाची वेळ ठरलेली नसते. कधी रात्री बाराला डबा उघडायचा, कधी घास तोंडाशी नेला की कोणीतरी धावत येते, "सिस्टर, सलाईन संपलं!"

सकाळी पाळी संपते. पण नर्सबाईची सुटका होते का? ती घरी जाते. पोरांना शाळेत पाठवायचे असते. स्वयंपाक असतो, धुणे असते. दुपारी जरा पाठ टेकली की दाराची कडी वाजते. रात्री झोप नाही आणि दिवसाही झोप नाही.

पावणेदोन लाख नर्सबाई

हा त्रास नुसता थकव्यावर थांबतो, की त्यातून आजारही होतो? याचा शोध अमेरिकेत घेतला गेला. तिथे १९७६ सालापासून नर्सबाईंची एक मोठी पाहणी चालू आहे. दर दोन वर्षांनी त्यांना पत्राने प्रश्न विचारतात. काय खाता? वजन किती? रात्रपाळी किती केली? कोणता आजार झाला? १९८९ साली आणखी नर्सबाई त्यात घेतल्या. दोन्ही मिळून पावणेदोन लाखांहून जास्त नर्सबाईंचा हिशोब २०११ साली प्रसिद्ध झाला.

हिशोब काय सांगतो? ज्या नर्सबाईंना पाळी बदलून रात्रपाळी कधीच नव्हती, त्यांच्यातल्या १०० जणींना मधुमेह झाला असे समजा. मग तेवढ्याच बायकांच्या दुसऱ्या गटात, जिथे ३ ते ९ वर्षे अशी रात्रपाळी होती, तिथे १२० जणींना झाला. १० ते १९ वर्षे केलेल्यांत १४० जणींना झाला. आणि २० वर्षे किंवा जास्त केलेल्यांत १५८ जणींना झाला.

यातला बराच भाग वाढलेल्या वजनाचा होता. रात्रपाळीने वजन वाढते आणि वजनाने साखर वाढते. पण वजनाचा हिशोब बाजूला काढला, तरी थोडा धोका उरतोच. म्हणजे रात्रीच्या जागरणात स्वतःचेही काही विष आहे.

आणि ध्यानात घ्या, या साऱ्या शिकलेल्या नर्सबाई होत्या. मधुमेह म्हणजे काय, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

गडी दिवसाचा

हे विष कुठून येते?

आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. ते मेंदूत असते आणि उन्हाकडे पाहून चालते. कोंबडा जसा पहाट ओळखतो, तसे आपले शरीर दिवस आणि रात्र ओळखते. हे घड्याळ कसे चालते, याचा शोध लावणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या घड्याळाप्रमाणे इन्शुलिन हा दिवसाचा गडी आहे. रात्री त्याचे हात जड होतात. तीच भाकरी दिवसा खाल्ली तर साखर थोडी चढते. रात्री उशिरा खाल्ली तर जास्त चढते आणि उतरायला वेळ लागतो. पाणी सोडले आणि दारे धरणारा पेंगला, असे होते.

झोप मोडली तर आणखी बिघडते. अमेरिकेतल्या शिकागो शहरात ११ तरुण, धडधाकट माणसांना सहा रात्री चारच तास झोपू दिले. हा प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. सहा दिवसांतच त्यांच्या शरीराची साखर सांभाळण्याची ताकद घटली. पुढे त्यांना भरपूर झोपू दिले, तेव्हा ती सुधारली. ही आशेची गोष्ट आहे. वेळेत आवरले तर गडी पुन्हा कामाला लागतो.

दोन डॉक्टर, एक मोजमाप

कोणी म्हणेल, "अमेरिकेतल्या बाया जाड असतील. आपण तर काटक."

याचे उत्तर आपल्या पुण्यात आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहावर अनेक वर्षे काम केले आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ सालापासून त्यांनी आया आणि मुले यांची पाहणी केली. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांनी एक मजेची पण डोळे उघडणारी गोष्ट छापली. त्यात दोघांचा फोटो होता. दोघेही डॉक्टर, दोघेही दिसायला बारीक. उंचीच्या मानाने वजन काढले तर दोघांचे माप अगदी सारखे. पण अंगातली चरबी मोजली, तेव्हा फरक निघाला. युडकिन यांच्या अंगात शंभरात ९ भाग चरबी. याज्ञिक यांच्या अंगात शंभरात २१ भाग.

म्हणजे आपला माणूस बारीक दिसला तरी आतून चरबीचा असू शकतो. हात-पाय काड्यांसारखे आणि पोट मात्र पुढे, असे लोक आपण गावात पाहतोच. म्हणून आपल्याकडे वजनापेक्षा कमरेचे माप जास्त खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की जपावे.

माहिती आहे, पण वेळ नाही

डॉक्टरचे आणखी एक दुखणे आहे. तो दुसऱ्याला तपासतो; स्वतःला तपासून घेत नाही. पुष्कळदा तो स्वतःच स्वतःची गोळी ठरवतो. रांगेत उभे राहायला वेळ नसतो. शिवाय मनात धाक असतो, 'डॉक्टरलाच साखर झाली, हे कळले तर लोक काय म्हणतील?' नर्सबाईचेही तेच. ती साऱ्या वॉर्डाला वेळेवर गोळ्या देते आणि स्वतःची गोळी विसरते.

आपल्याकडे म्हण आहे, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण इथे ती म्हण पुरी लागू नाही. तो माणूस ढोंगी नसतो. त्याला सारे ठाऊक असते, पण त्याच्या कामाचे तास, त्याची तुटलेली झोप आणि त्याचा अवेळी उघडलेला डबा त्याला ते पाळू देत नाहीत. शरीर पुस्तक वाचत नाही. आपण त्याला काय देतो, केव्हा देतो, तेवढेच ते जाणते.

म्हणून आम्ही म्हणतो, मधुमेह झालेल्या माणसाला 'तुझीच चूक' असे बोलू नये. आणि रात्री नर्सबाई यायला जरा वेळ लागला, तर तिच्यावर हात उगारू नये, आवाज चढवू नये. ती आपल्या माणसासाठी जागते आहे. त्या जागण्याची किंमत ती आपल्या शरीराने मोजते आहे.

शेतातली रात्र

आता आपल्याकडे वळू. रात्रपाळी काय फक्त दवाखान्यातच असते?

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत तीन-तीन पाळ्या चालतात. आपल्या गावची पोरे तिथे जातात. आणि शेतकऱ्याचे काय? शेतीपंपाची वीज अजून पुष्कळ गावांत पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी आणि खोरे घेऊन मळ्यात जातो. थंडीत, सापाकिरड्यात, पहाटेपर्यंत दारे धरतो. सकाळी परत जनावरे, परत शेत. नर्सबाईच्या रात्रपाळीत आणि या पाळीत फरक तो काय?

शेतकरी म्हणतो, "आमाला कशाची शुगर? आमी राबणारी माणसं." राबणाऱ्याला धोका कमी असतो, हे खरे. पण आता राबणेही बदलले आहे. नांगर ट्रॅक्टरने चालतो. बाजाराला मोटारसायकलने जातो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीचा अंदाज असा, की भारतात सुमारे १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटी ६० लाख माणसे त्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत. त्यांत खेड्यातली माणसेही आहेत.

काय करावे?

पहिले, तपासून घ्यावे. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाने रक्तातली साखर तपासावी. उपकेंद्रात, आरोग्य मंदिरात, सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. आशाताईला विचारा. सकाळी उपाशीपोटी रक्त दिले आणि आकडा १०० च्या आत आला, तर ठीक. १०० ते १२५ आला, तर माणूस उंबरठ्यावर आहे. १२६ किंवा जास्त आला, आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, तर मधुमेह समजावा. आई-वडिलांना हा आजार असेल, किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल, तर तपासणी मुळीच चुकवू नये.

दुसरे, उंबरठ्यावरून मागे फिरता येते. अमेरिकेत २००२ साली हे दाखवून दिले. उंबरठ्यावरच्या माणसांनी थोडे वजन उतरवले आणि आठवड्यात दीडशे मिनिटे चालणे ठेवले. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण शंभरात ५८ भागांनी घटले. चेन्नईत आपल्याच लोकांवर असा प्रयोग झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तिथे ते सुमारे २८ भागांनी घटले. म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटे झपझप चालणे हेही औषधच आहे. त्याला पैसा पडत नाही.

तिसरे, ताट पाहावे. 'साखरेला ज्वारी चालते' म्हणून कोणी चार-चार भाकरी खातो. ज्वारीचीही साखर होतेच. भाकरी मापात घ्यावी. डाळ, उसळ, पालेभाजी वाढवावी. चहातली साखर कमी करत करत सोडावी. गूळ घातला तर चालतो, असे नाही. गूळही साखरच.

चौथे, रात्री जागावे लागत असेल तर जेवण आधी उरकावे. अमेरिकेत १९ जणांवर एक प्रयोग झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. साऱ्यांना रात्री जागवले. ज्यांनी रात्री खाल्ले, त्यांची साखर वाढली. ज्यांनी फक्त दिवसा खाल्ले, त्यांची वाढली नाही. आपल्याकडे जैन मंडळी सूर्य मावळण्याआधी जेवतात. त्यांचे कारण धर्माचे आहे, पण रात्रपाळीवाल्याने ती वेळ उचलायला हरकत नाही. मोठे जेवण संध्याकाळी करून निघावे. मध्यरात्री भूक लागलीच तर मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे खावेत, पाणी प्यावे.

पण इथे सावध! ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. साखर एकाएकी फार खाली गेली तर दरदरून घाम येतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी लगेच साखर किंवा गूळ खावा. असा माणूस रात्री मळ्यात जात असेल, तर त्याने खिशात गुळाचा खडा ठेवावा. एकटे जाऊ नये.

पाचवे, रात्री जागलेल्याला दिवसा झोपू द्यावे. खोलीत अंधार करावा. पोरांना अंगणात खेळवावे. दिवसा झोपलेल्या माणसाला आळशी म्हणू नये. आणि ती बाई असेल, नर्स असो की रात्री धन्याबरोबर मळ्यात उभी राहिलेली घरची लक्ष्मी असो, तिच्या वाटचे सकाळचे काम घरातल्या पुरुषांनी उचलावे. भाकरी थापता येत नसेल तर पाणी भरता येते, पोरांना शाळेत सोडता येते. तिची चार तासांची झोप सहा तासांची झाली, तर ते घरातले मोठे औषध होईल.

सहावे, मधुमेह झालाच तर गोळी मनाने बंद करू नये. साखर ताब्यात आली ती गोळीने, पथ्याने आणि चालण्याने आली, हे विसरू नये. पाय रोज पाहावेत. अनवाणी फिरू नये. डोळे वर्षातून एकदा तपासावेत.

डॉक्टरला जे कळते ते आता आपल्यालाही कळले. पण नुसते कळून भागत नाही, हे डॉक्टरकडे पाहूनच आपण शिकलो. म्हणून या सहांपैकी एक गोष्ट आजच धरा. उद्या सकाळी उपकेंद्राची वाट धरली, तरी हा धडा कामी आला असे आम्ही समजू.

विचार करा आणि सांगा

१. पाट, वाफे आणि दारे धरणारा गडी, यांवरून मधुमेह कसा होतो ते शेजाऱ्याला समजावून सांगा.

२. २० वर्षे रात्रपाळी केलेल्या नर्सबाईंच्या पाहणीत काय दिसले?

३. बारीक दिसणाऱ्या माणसानेही कंबर का मोजावी?

४. तुमच्या घरात रात्री कोण जागते? त्याच्या किंवा तिच्या दिवसाच्या झोपेसाठी तुम्ही काय कराल?

५. तुमच्या गावाच्या उपकेंद्रात साखर कोणत्या दिवशी तपासतात, ते आशाताईला विचारून पाटीवर लिहा.